बुवांची पेटी

पत्र (थोडं कापून):

"ताई, नमस्कार. मी सांगलीची, वय ५८, बँकेतून व्हीआरएस घेतलीय. एका नामवंत गवयांकडे मी एकोणीस वर्षं शिकले. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखलंत तरी छापू नका. बुवा जाऊन सहा वर्षं झाली. जायच्या आधी आठवडाभर, हॉस्पिटलात असताना, त्यांनी मला घरून एक पत्र्याची पेटी आणायला सांगितली आणि म्हणाले, 'ही ठेव तुझ्याकडे.' बास, एवढंच. दोन वर्षं मी ती उघडली नाही, मग उघडली. आत बुवांच्या बंदिशींच्या तीन वह्या आणि एका बाईंची ६१ पत्रं. बाईही गायच्या, नंतर गाणं सोडलं, आता ८३ वर्षांच्या आहेत आणि नाशिकला पुतणीकडे असतात. पत्रं कसली ते तुम्हाला कळलं असेलच. पण नुसती तसली नाहीत. बुवांच्या दोन खूप गाजलेल्या बंदिशींचे शब्द आणि मुखडा बाईंच्या अक्षरात आहे, तारखेसकट, आणि ती तारीख बुवांनी त्या पहिल्यांदा गायल्या त्याच्या वर्षभर आधीची आहे. पुढच्या वर्षी बुवांची जन्मशताब्दी. एक लेखक चरित्र लिहितायत, त्यांना कुठूनतरी पेटीचा सुगावा लागलाय, रोज फोन येतो. बुवांचा मुलगा म्हणतो पेटी आमची आहे, परत द्या, आणि बाबांचं पिणं आणि 'ते प्रकरण' चरित्रात येता कामा नये. माझे मिस्टर म्हणतात जाळून टाक, डोक्याला ताप नको. मला रात्री झोप नाही. गुरूची लाज राखू की खरं सांगू?"

उत्तर:

जाळू नका.

बाकीचं निवांत बोलू, पण हे आधी सांगते कारण तुमचं पत्र येऊन आठ दिवस झालेत आणि तेवढ्यात मिस्टरांना काडेपेटी सापडली नसावी एवढीच आशा. त्यांचं काही चुकत नाही, बायकोची झोप उडालीय म्हणल्यावर नवरा असंच म्हणणार. पण जाळण्याचा आमच्या घरचा अनुभव ऐका. आजोबा गेल्यावर मोठ्या काकांनी त्यांची सगळी पत्रं बंबात घातली, कशाला उगाच कुणाच्या हाती लागायला म्हणून. पुढे गीझर आला, बंब हलवला, तर मागच्या फटीत एक अर्धं जळलेलं पोस्टकार्ड निघालं. बायकी अक्षर, आणि वाचता येत होतं ते एवढंच, "या खेपेस येताना पेढे नकोत, तेवढं मात्र". पुढचं जळलेलं. तेवढं मात्र काय? चाळीस वर्षं झाली, लग्नामुंजीला आमच्या चार आत्या एकत्र आल्या की हा विषय निघतोच आणि दर वेळी आजोबांची एक नवीन भानगड तयार होते. बहुतेक ती त्यांची बहीण असणार आणि तेवढं मात्र लोणचं घेऊन या असं काहीतरी असणार, पण आता सिद्ध कसं करता.

तर आता तुमचा प्रश्न. तुमचं पत्र मी चारदा वाचलं. त्यात बुवा आहेत, मुलगा आहे, लेखक आहेत, मिस्टर आहेत, तुम्ही आहात, सगळे आपापलं बोलतायत. ज्या बाईंनी ती ६१ पत्रं लिहिली त्यांच्या वाट्याला एक वय आणि एक गाव, बास. त्यांना कुणी विचारलं का? एक फोन? बुवांना आता कुणी काही म्हणालं तरी ऐकू जायचं नाही (राग मानू नका), पण बाई नाशकात बसून सकाळी चहाबरोबर पेपर वाचत असतील, आणि पुढच्या वर्षी रविवारच्या पुरवणीत स्वतःच्याच पत्रातली ओळ, कुणालाही न दाखवलेली, पुतणीच्या देखत वाचायची वेळ आली तर? तुम्ही सगळे बुवांच्या खाजगीपणावरून भांडताय, त्यात ह्या बाईंचा खाजगीपणा कुणी धरलेलाच नाही.

शोपँ ठाऊक असेल, पोलंडचा पियानोवाला, १८४९ मध्ये पॅरिसमध्ये वारला. जॉर्ज सँड ह्या लेखिकेबरोबर तो नऊएक वर्षं होता, १८४७ मध्ये फाटलं. तो गेल्यावर त्याची बहीण लुद्विका त्याचं सामान वॉर्सॉला घेऊन निघाली, त्यात सँडची पत्रं होती. सरहद्दीवर झडतीत सापडतील ह्या भीतीने तिने ती सरहद्दीच्या अलीकडच्याच एका गावात ओळखीच्यांकडे ठेवली. १८५१ मध्ये धाकटा द्युमा, कादंबरीकाराचा मुलगा, त्याच गावात अडकून पडला होता, त्याच्या हाती ती लागली. त्याने वाचली, तुम्ही वाचलीत तशीच. पण मग ती छापली नाहीत, शोपँच्या घरच्यांना विचारत बसला नाही, सरळ सँडला पोचती केली. तिने जाळली, आणि पुढे आत्मचरित्रात आपल्या बाजूने जे सांगायचं ते सांगितलं. आता संगीताचे अभ्यासक हळहळतात आणि मीही हळहळते. पण द्युमाचं मला पटतं. ज्या बाईने लिहिलं तिच्या हातात गेलं, पुढचं तिने ठरवलं.

कायदाही जवळपास हेच सांगतो बरं का. पेटीतला कागद ज्याला पत्र आलं त्याचा, म्हणजे बुवांचा, आणि त्यांनी पेटी तुम्हाला दिली असेल तर तुमचा. पण पत्रातले शब्द लिहिणाऱ्याचे. कॉपीराइट तिचा, तिच्यानंतर तिच्या वारसांचा. म्हणजे लेखक, मुलगा आणि तुम्ही अशा तिघांनी मिळून जरी ठरवलं तरी बाईंच्या परवानगीशिवाय ती पत्रं पुस्तकात जशीच्या तशी छापता येणार नाहीत. हे लेखकमहाशयांना माहीत नसेल असं मला वाटत नाही, ते फक्त तुम्हाला सांगत नाहीयेत. उलट वह्यांमध्ये बुवांनी स्वतः जे बांधलंय त्याचा हक्क वारसांचा, म्हणजे मुलाचा. आणि त्या दोन बंदिशी खरोखर बाईंच्या असतील तर त्यावर आपलं नाव लावून मागायचा हक्कही त्यांचाच. वकील गाठावा लागेल का, तर मुलाने नोटीस पाठवली तर गाठा, तोवर नको, उगाच गरम डोक्याने कागद फिरायला लागतात.

मुलाबद्दल मला तुमच्यापेक्षा जरा जास्त सहानुभूती आहे. कायद्याने त्याच्या हातात फार नाही. माणूस गेला की प्रायव्हसीचा हक्कही जातो, तो मुलाबाळांकडे वारशाने येत नाही, असंच कोर्टांनी म्हटलंय, जयललितांवरच्या सिनेमाविरुद्ध त्यांची भाची मद्रास हायकोर्टात गेली होती तेव्हा २०२१ मध्ये हेच झालं. बदनामीच्या कलमात मेलेल्या माणसाचा उल्लेख आहे, पण घरच्यांना दुखवायच्या हेतूनेच लिहिलं असेल तर. पण कायदा सोडा, त्या पोराने रात्री दोनला दार उघडून बापाला आत घेतलंय आणि सकाळी आईचं तोंड बघितलंय. 'ते प्रकरण' तुम्हाला संगीताचा इतिहास आहे, त्याला ते आईचं गप्प बसणं आहे. त्याच्याशी भांडू नका. पण पिण्याचं लपवून काय करणार? मैफलीला बुवा दोन तास उशिरा आले की हॉलमधल्या पाचशे लोकांना कारण माहीत असायचं. त्यात गुपित काही नाही, फक्त छापलेलं नाही.

आणि आपल्याकडची गंमत हीच आहे. गुरूचं नाव घेतलं की हात कानाच्या पाळीला जातो, गौरवग्रंथात बुवा पहाटे चारला उठून खर्ज लावतात आणि कुणाचं वाईट चिंतत नाहीत, आणि त्याच ग्रंथाच्या प्रकाशनाला ग्रीनरूममध्ये चहा पिताना असले किस्से चालतात की कान पकडायची वेळ यावी. बाईंचं नावही त्या किश्श्यांत असणारच, शंभर टक्के. चाळीस वर्षं त्या 'बुवांची ती नाशिकची' म्हणून फिरतायत. म्हणजे पेटी बंद ठेवल्याने बाईंची अब्रू राहतेय असंही नाही, फक्त त्यांची बाजू बंद राहतेय. पत्रं उघडली तर कदाचित कळेल की ती नाशिकची बंदिशी बांधायची आणि पोस्टाने पाठवायची. म्हणून तर म्हणते जाळू नका, त्यात फक्त बुवांची भानगड जळणार नाही, बाईंचं काम जळेल.

तुम्ही सांगलीच्या, म्हणजे मिरजेच्या दर्ग्यातल्या उत्सवाला जात असालच, किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला. त्यांचंच बघा. बडोद्याहून ते ताराबाई मान्यांना घेऊन निघाले, राजघराण्याशी नातं असलेल्या घरातली मुलगी, त्या काळात केवढी बोंब झाली असेल. पुढे १९२२ मध्ये ताराबाई पाचही मुलं घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावं बदलली, आडनाव आईच्या बाजूचं आलं. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई, पुढे बडोदेकर, आणि धाकटी सरस्वती, म्हणजे सरस्वतीबाई राणे. आता कुणी म्हणेल हे नवराबायकोचं भांडण, गाण्याशी काय संबंध, चरित्रात कशाला. पण हे काढून टाका आणि मग सांगा बघू की खाँसाहेबांच्या पोटच्या मुलीची तालीम त्याच घराण्याच्या वहीदखाँसाहेबांकडे आणि भावाकडे का झाली, बापाकडे बसून का नाही. सुरेशबाबू आणि हिराबाईंकडून पुढे प्रभाताई अत्र्यांपर्यंत जे किराणा घराण्याचं गाणं आलं त्याचा रस्ता त्या १९२२ च्या घरातून जातो. खाँसाहेब १९३७ मध्ये मद्रासजवळच्या एका स्टेशनवर वारले, नंतर त्यांच्याच शिष्याने, कपिलेश्वरीबुवांनी, मराठीत भलंमोठं चरित्र लिहिलं. शिष्याने लिहायचंच नाही असा काही आपल्यात नियम नाही, हे तुमच्यासाठी सांगतेय.

मी स्वतः एवढंच बघते की ती खाजगी गोष्ट कळल्यावर गाणं वेगळं ऐकू येतं का. ताराबाईंची गोष्ट कळल्यावर येतं. तुमच्या पेटीतल्या त्या दोन बंदिशींच्या पत्रांनी येईल. बाकीच्या पत्रांत कोण कुठे भेटलं आणि कोण किती रडलं, त्याने बुवांचा मारवा राग एका श्रुतीनेही हलत नाही, ते चरित्रात नसलं तरी चालतं.

आता तुम्ही म्हणाल बाई नको म्हणाल्या तर? किंवा त्यांना गप्पच राहायचं असेल तर? राहू दे. अन्नपूर्णादेवींचं उदाहरण सगळे देतात पण नीट बघत नाहीत. अल्लाउद्दीन खाँसाहेबांची मुलगी, सूरबहार वाजवायच्या, १९४१ मध्ये रविशंकरांशी लग्न, १९५० च्या दशकात थोड्या मैफली आणि मग स्टेज बंद. मुंबईत वॉर्डन रोडला उंच इमारतीत राहायच्या, दारावर पाटी, बेल तीनदाच वाजवा, उघडलं नाही तर चिठ्ठी ठेवून जा अशा अर्थाची. हरिप्रसाद, निखिल बॅनर्जी असले लोक शिकून गेले पण बाहेर रेकॉर्डिंग म्हणून द्यायच्या नाहीत, जे फिरतं ते जुनं, कुणीतरी चोरून घेतलेलं. एवढा स्पष्ट नकार कुणाचा नसेल. आणि झालं काय, रविशंकरांनी आपली बाजू पुस्तकात लिहिली, लोकांनी सिनेमे जोडले, शेवटी २००० च्या सुमारास त्यांनी एका मासिकाला लेखी उत्तरं दिली, आणि पुढे बाईंचं चरित्रही त्या हयात असतानाच येऊन गेलं. त्या २०१८ मध्ये गेल्या. मला यातून त्यांनी बोलायला हवं होतं असं अजिबात म्हणायचं नाहीये, त्यांचा तो हक्कच होता. पण आपण गप्प बसलो की ती जागा रिकामी राहत नाही, दुसरं कुणीतरी भरतं, हे तुमच्या बाईंना आधी कळायला हवं आणि मग त्यांनी गप्प राहायचं ठरवावं. आत्ता त्यांना पुस्तक येतंय हेच माहीत नसेल.

लेखकांना काय सांगायचं ते सोपं आहे. फोनवर नाही, मेसेज करा. बुवांच्या बंदिशींच्या वह्यांबद्दल मुलाशी बोलते, पत्रांबद्दल ज्यांची आहेत त्यांच्याशी बोलते, तोपर्यंत पेटीचा उल्लेख पुस्तकात नको. चांगला लेखक असेल तर थांबेल. थांबणार नसेल तर तो तसाही तुमच्याकडे येण्याआधी ग्रीनरूममध्ये जाऊन आलेला आहे. शताब्दीची घाई त्याला आहे, प्रकाशकाला आहे. तुम्हाला कसली?

एक मात्र कडक सांगते. पत्रांतली एक ओळही खोडू नका, पान फाडू नका, गुरूच्या भल्यासाठी म्हणूनसुद्धा नाही. बेथोवनला ऐकू यायचं नाही, म्हणून भेटायला येणारे वहीत लिहून बोलायचे. तो गेल्यावर त्या वह्या त्याचा सेक्रेटरी शिंडलर घेऊन गेला, १८४६ मध्ये बर्लिनच्या राजाच्या लायब्ररीला विकल्या, स्वतः चरित्रही लिहिलं. १९७७ मध्ये अभ्यासकांच्या लक्षात आलं की त्यात शंभराच्या वर नोंदी ह्या पठ्ठ्याने मालक मेल्यावर मागाहून घुसडल्यात, आपण किती जवळचे होतो ते दाखवायला. तेव्हापासून त्याने खरं लिहिलेलंही कुणी सरळ धरत नाही. तुम्ही घुसडणार नाही, पण काढून टाकाल, आणि ते भक्तीने कराल, म्हणून भीती वाटते.

'ठेव' म्हणाले ना बुवा? मी त्या शब्दावर बराच वेळ अडले. जाळ म्हणाले नाहीत, दे म्हणाले नाहीत, वाच म्हणाले नाहीत. जाळायचीच असती तर एवढी वर्षं ती जपली नसती, आणि मुलाला द्यायची असती तर तो त्याच हॉस्पिटलात उशाशी होता की. बँकेत एवढी वर्षं काढलीत तुम्ही, ठेव म्हणजे काय हे मी काय सांगू. ठेवणारा एक असतो, सांभाळणारा एक असतो, आणि कधीतरी कुणीतरी पावती घेऊन खिडकीशी येतं. ती पावती बाईंकडे आहे असं मला वाटतं. तुम्ही दोन वर्षांनी उघडून वाचलीत त्याबद्दल तुम्हाला अपराधी वाटतंय ते पत्रात दिसतं, पण वाचली नसतीत तर त्या दोन बंदिशींचं कुणाला कळलंच नसतं, तेव्हा ते आता पुरे.

कामाचं सांगते. ह्या आठवड्यात एक यादी करा, पत्र क्रमांक, तारीख, किती पानं, मजकूर लिहायचा नाही. टाचण्या आणि स्टेपल काढा, गंजून कागद खातात, रबरबँडही काढा, वितळून चिकटतो. सुती कापडात बांधा, पेटी सिंकच्या भिंतीला असेल तर हलवा. फोटो काढायचे तर काढा पण आधी फोनचं ऑटो बॅकअप बंद करा, नाहीतर फॅमिली अकाउंटमधून बाईंची पत्रं तुमच्या जावयाच्या टीव्हीवर स्क्रीनसेव्हर म्हणून झळकतील. हसू नका, आमच्या ओळखीत मेडिकल रिपोर्टचं झालंय हे. वह्यांची पानं मात्र जपून बघा, तुम्हीच पत्रात पुढे लिहिलंय की एका पानावर वर मारूबिहाग रागाचं नोटेशन, खाली दुधाचा हिशोब आणि मध्येच "आज तिचा फोन नाही" असं आहे. मुलाला वह्यांची झेरॉक्स देताना ती ओळ झाकू नका. त्याला ती सापडेलच, आणि झाकलेली सापडली तर जास्त लागेल. देताना समोर बसा, पोस्टाने नको.

पुढे सगळ्यांचं जमलं तर पत्रं अभिलेखागारात मुदतीच्या अटीवर ठेवता येतात, अमुक वर्षं किंवा अमुक माणसं हयात असेपर्यंत उघडायची नाहीत असं लिहून घेऊन. गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीताचं अभिलेखागार आहे, तिथे विचारा, कागद घेतात का आणि अटी कशा घालता येतात. पण ते नंतर, बाई हो म्हणाल्यावर.

आणि नाशिकला जा. पुतणीला आधी फोन करा पण तिला पेटीचं काही सांगू नका, बुवांची शिष्या आहे, भेटायचंय एवढंच. पहिल्या खेपेला पेटी नेऊ नका, ८३ वर्षांच्या माणसाच्या मांडीवर एकदम साठ पत्रं टाकायची नसतात. यादी न्या, आणि त्या दोन बंदिशींची दोन पत्रं. पुतणी स्वयंपाकघरात असताना द्या. त्यांनी परत मागितली तर पुढच्या खेपेला सगळी त्यांच्या हातात द्या, मोजून, ६१. त्यांनी जाळा म्हणलं तरी तुम्ही जाळू नका, त्यांच्याकडेच द्या, काय ते त्या बघतील. फक्त त्याआधी एकदा विचारा की बंदिशींपुरती दोन पानं ठेवू का, नाव लावू का. नाव नको म्हणाल्या तर नाही लावायचं, मैफलीत तुम्ही त्या गाता तेव्हा मनात लावा.

दुपारी दोन ते चार जाऊ नका, त्या वयात झोपतात.